शोकात्म खलनायक

शोकात्म खलनायक : ज्याची कृत्ये वाचकाला वा प्रेक्षकाला निःसंशय निंद्य वाटतात, पण ज्याचा विनाश पाहताना समाधानाबरोबर हळहळही वाटते, अशा कथात्म वा नाट्यात्म साहित्यातील पात्रास ही संज्ञा लावतात. सामान्य खलनायक हा नायकाच्या मार्गातील अडथळा असतो. तो दूर झाला, की त्याचे कार्य संपते. शोकात्म खलनायकाचा नाश मात्र स्वतंत्रपणे मनावर परिणाम करतो. कारण त्याच्याबरोबर पराक्रम, बुद्धी, उत्कट प्रेम करण्याची शक्ती किंवा निदान स्वतःला ओळखण्याची शक्ती, असे काहीतरी मोलाचे नष्ट झालेले असते. शोकात्म नायकापासूनही तो वेगळा आहे. ईडिपसच्या हातून घोर कृत्ये घडतात ती अजाणता. ऑथेल्लो पत्नीची हत्या करतो तो फसवला गेल्यामुळे. शोकात्म खलनायक आपण काय करीत आहो, हे जाणतो आणि तरीही ते करतो. ही सीमारेषा सर्वत्र स्पष्ट राहत नाही, हे मान्य केले पाहिजे. मॅक्‌बेथला कोणी शोकात्म नायक म्हणतात, कोणी खलनायक. दोन्ही म्हणणी खरी असल्यामुळेच हे पात्र या संज्ञेचे प्रमुख उदाहरण ठरले आहे.

साहित्यशास्त्रात अशा पात्राला प्रारंभी स्थान नव्हते. ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात शोकात्मिकेला अयोग्य अशी जी कथानके सांगितली, त्यांत पूर्णतः दुष्ट मनुष्याचे वैभवातून विपत्तीत जाणे हे एक होय. त्याचे कारण त्याने तर्कशुद्ध दिले आहे : करुणा ही अपात्री आलेल्या दुःखाबद्दल वाटते आणि भय हे आपल्यासारख्याच माणसावर कोसळलेल्या संकटामुळे वाटते; दुष्टाचे दुःख अपात्री नसते आणि प्रेक्षक स्वतःला दुष्ट समजत नाही, तेव्हा दोन्ही भावना उद्‌भवत नाहीत [⟶ शोकात्मिका]. या युक्तिवादातील दुसरे गृहीत पुढील नाटककारांनी मोडून काढले. प्रेक्षक स्वतःला दुष्ट समजत नसला, तरी दुष्टाच्या मनाचे व्यापार त्याला ओळखीचे वाटतील अशी रचना करता येते, हे त्यांनी दाखविले. वस्तुतः ॲरिस्टॉटलच्या पूर्वीच युरिपिडीझच्या ‘मीडीआ’मध्ये (इ. स. पू. ४३१) हे घडून गेले होते. पतीने टाकलेली, परमुलखात निराधार झालेली मीडीआ सूड म्हणून स्वतःच्या मुलांना ठार करते; त्यापूर्वी मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहून ती पुनःपुन्हा कचरते आणि आपण करणार आहो ते पाप आहे, हे स्वतःच्या तोंडाने बोलून दाखविते. रोमन नाटककार सेनीका (इ. स. पू. सु. ४–इ. स. ६५) याने तिला आणि ‘थायेस्टीझ’मधील आट्रीअसला अधिक उग्र रूप दिले. सोळाव्या शतकातील इंग्रज नाटककारांनी सूडनाट्याचे धडे घेतले ते प्रामुख्याने सेनीकापासून.

शेक्सपिअरच्या नाटकांत खलनायकाचे बहुतेक सर्व प्रकार आढळतात आणि ते एकमेकांशेजारी ठेवले असता शोकात्म खलनायकाचे वैशिष्ट्य नेमके लक्षात येते. ‘रिचर्ड द थर्ड’चा (सु. १५९२–९३) नायक पहिल्याच स्वगतात प्रेक्षकांना विश्वासात घेतो, आपले बेत सांगतो आणि ते पार पडले म्हणजे त्यांच्याकडे वळून हसतो, प्रेक्षक नकळत त्याचा साथीदार होतो. ही मोहिनी विनोदाची व चातुर्याची आहे. तिच्यात शोक जवळजवळ नाही. इयागो याच्या दुष्टाव्याला पुरेसा हेतूच सापडत नाही, असे कोलरिजने नोंदविले आणि ते बव्हंशी पटण्यासारखे आहे. तो शेवटी तोंड उघडण्याचे नाकारतो, म्हणजे त्याच्या अंतरंगाचे दारच बंद होते. त्याचे आकर्षण मोठे असले, तरी त्याच्यासाठी कोणी हळहळत नाही.

‘मॅक्‌बेथ’मध्ये (सु. १६०६) हे दार सताड उघडे आहे. या नाटकाचे कथानक शेक्सपिअरने होलिन्शेडच्या बखरीतून घेतले. बखरीतील डंकन हा दुबळा राजा आहे. बँक्वो कटात सामील आहे. राज्य मिळाल्यावर मॅक्‌बेथ सुमारे दहा वर्षे चांगला कारभार करतो. नायकाची बाजू सावरून घ्यायची असती, तर ही सामग्री तयारच होती. शेक्सपिअरने ती सर्व टाकून दिली. त्याचा डंकन वृद्ध, उदार व सज्जन आहे, तो मॅक्‌बेथच्या घरी पाहुणा म्हणून आलेला आहे आणि हत्येपूर्वी मॅक्‌बेथ स्वतःच ही सर्व कारणे मोजून, आपल्यापाशी महत्त्वाकांक्षेखेरीज काहीही नाही, असा निर्णय देतो. म्हणजे गुन्ह्याची बाह्य समर्थने काढून घेऊन त्यांच्या जागी नाटककाराने गुन्हेगाराची जाणीव ठेवली. मॅक्‌बेथविषयी वाटणारी करुणा त्याच्यावर अन्याय झाला म्हणून वाटत नाही. जे तो करतो आहे त्याची किंमत त्याला इतर कोणाहीपेक्षा अधिक स्पष्ट दिसते, म्हणून वाटते. हत्येनंतर त्याच्या घशातून प्रार्थनेचा शब्द फुटत नाही. झोप कायमची गेली, हे त्याला तत्क्षणी कळते. पुढचे खून तो अधिकाधिक सराईतपणे करवितो आणि तसतशी त्याची संवेदना बधिर होत जाते. अखेरीस पत्नीच्या मृत्यूची वार्ताही त्याला हलवीत नाही. म्हातारपणी माणसाला जे लाभावे ते मानसन्मान, प्रेम आणि मित्र आपल्या वाट्याला येणार नाहीत, ही गोष्ट तो तक्रारीच्या सुरात न सांगता नुसती नोंदवितो.

याच नाटकात मॅक्‌डफची पत्नी आणि तिचा लहान मुलगा यांच्या हत्येचा प्रवेश आहे. प्रयोगात तो पुष्कळदा गाळला जातो. तो गाळल्याने नाटकाचा तोल बिघडतो, कारण मॅक्‌बेथच्या मनात प्रेक्षक पूर्ण गुंतला असताना, त्या मनाचे बळी कोण आहेत हे नाटककार तेथे एका बोलक्या, हजरजबाबी मुलाच्या रूपाने समोर आणून उभे करतो. टॉमस डे क्विन्सी याने या नाटकावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात (१८२३) म्हटले आहे, की कवीने आपली सहानुभूती खुन्याकडे वळविली पाहिजे. तथापि ही सहानुभूती म्हणजे समजून घेणे होय, कीव किंवा संमती नव्हे, असा खुलासाही त्याने केला आहे. शोकात्म खलनायकाविषयीची पुढील बहुतेक चर्चा या भेदाभोवती फिरते.

मिल्टनच्या ‘पॅरडाइस लॉस्ट’मधील (१६६७) सैतानाविषयी हा वाद सर्वाधिक रंगला. पहिल्या दोन सर्गांत पराभूत पण न वाकलेला सेनानी म्हणून सैतान समोर येतो. त्याच्या भाषणांचे ओज इतके आहे, की मिल्टन स्वतःच्या नकळत सैतानाच्या पक्षाचा होता, असा शेरा विल्यम ब्लेकने मारला. शेलीनेही सैतानाला ईश्वराहून नैतिक दृष्ट्या श्रेष्ठ ठरविले. याउलट सी. एस. लूइसने (१९४२) सैतानाच्या बोलण्यातील आत्मवंचना व विसंगती दाखवून दिल्या, तर स्टॅन्ली फिशने (१९६७) असे प्रतिपादिले, की वाचकाने आधी भुलावे आणि मग आपण भुललो हे त्याला कळावे, हीच मिल्टनची योजना आहे. या वादात चौथ्या सर्गातील स्वगताकडे दुर्लक्ष होता कामा नये. अनुयायी दूर आहेत, सूर्य तळपतो आहे आणि एकटा सैतान कबूल करतो, की ईश्वराची सेवा जड नव्हती. कृतज्ञ राहणे एवढेच मागणे होते. पश्चात्तापाचा मार्गही त्याला दिसतो. तो मार्ग अडतो तो गर्वापायी आणि ज्यांना बंडाची आमिषे दाखविली त्या सोबत्यांसमोर मान खाली घालावी लागेल, या लाजेपायी. नरक आपण स्वतःच आहो, हे तो ओळखतो. मिल्टनने या विषयावर प्रथम शोकात्मिका लिहिण्याचे योजिले होते आणि त्याचा भाचा एडवर्ड फिलिप्स याच्या सांगण्याप्रमाणे या स्वगताच्या आरंभीच्या ओळी त्या नाटकाचा प्रारंभ म्हणून लिहिल्या गेल्या होत्या, ही माहिती अर्थपूर्ण आहे. नवव्या सर्गात ईव्हला पाहून क्षणभर त्याचे दुष्टपण गळून पडते. तो क्षण ओसरतो आणि तो ठरविलेल्या कामाला लागतो. अशा पात्रांच्या कथेत बहुधा एक जागा असते, जेथून परत फिरणे शक्य असते. ती जागा लेखकाने दाखविली नाही, तर शोकाचा प्रश्न उरत नाही.

ज्याच्यावर समाजाने आधी अन्याय केला, तो खलनायक हा दुसरा मोठा वर्ग होय. ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधील (सु. १५९६–९७) शायलॉक हा ज्यू सावकार दीर्घकाळ हास्यास्पद किंवा भेसूर रूपात रंगविला जात असे. १८१४ मध्ये एडमंड कीन याने रूढ तांबड्या केसांचा टोप टाकून काळा टोप घातला आणि एका अपमानित माणसाचा संताप रंगभूमीवर आणला. पुढे हेन्री अर्व्हिंगने (१८७९) या भूमिकेला आणखी प्रतिष्ठा दिली. उलट १९४३ मध्ये नाझी अंमलाखालील व्हिएन्नाच्या बुर्ग थिएटरमध्ये वेर्नर क्राउस याने केलेला शायलॉक ज्यूद्वेषाच्या प्रचाराचे साधन झाला. नाटकाची संहिता तीच होती. खलनायकाला माणूस म्हणून पाहणे वा न पाहणे ही गोष्ट नाट्यगृहाबाहेरही परिणाम करू शकते, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील (१८१८) निनावी जीव हा जन्मतः प्रेमळ आहे, निर्मात्याने टाकल्यामुळे आणि माणसांनी झिडकारल्यामुळे तो खुनी होतो. तो ‘पॅरडाइस लॉस्ट’ वाचतो आणि ॲडमपेक्षा सैतानाशी आपले अधिक साम्य आहे, असे त्याला वाटते. ‘वदरिंग हाइट्स’मधील (१८४७) हीथक्लिफ हा लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला पोरका मुलगा. हिंडलीने त्याला नोकराच्या पायरीवर आणलेले असते आणि कॅथरिनचे आपल्याशी लग्न करणे कमीपणाचे ठरेल, हे तिचेच शब्द त्याच्या कानी पडतात. पुढे तो हिंडलीच्या मुलाला नेमके तसेच अडाणी व हीन ठेवतो. एमिली ब्राँटीने त्याला क्षमा केलेली नाही. त्याच्या क्रौर्याचे तपशील ती थंडपणे देत जाते. सूड पूर्ण होण्याच्या बेतात असताना त्याची सूडाची इच्छाच विरून जाते. अशा पात्रांच्या चित्रणात एक धोका असतो. पूर्वीचा अन्याय हा पुढील दुष्कृत्याचे कारण म्हणून दाखविता दाखविता लेखक ते त्याचे समर्थन म्हणून देऊ लागतो. ‘ले मिझेराब्ल’मधील (१८६२) झाव्हेर याचे दुःख निराळ्या जातीचे आहे. कायद्याच्या काटेकोर पालनातच त्याने आयुष्य वेचलेले असते. ज्याचा पाठलाग केला त्याच कैद्याने जीवदान दिल्यावर त्याचे जग कोसळते आणि तो सेन नदीत उडी घेतो.

संस्कृत नाट्यशास्त्रात शोकान्त नाटकाची कल्पना रूढ नव्हती. धनंजयाने ‘दशरूपका’त प्रतिनायकाची लोभी, उद्धत, हट्टी, पापी व व्यसनी अशी लक्षणे दिली असून रामाला रावण व युधिष्ठिराला दुर्योधन अशी उदाहरणे टीकेत येतात. काव्यातील प्रत्यक्ष चित्रण मात्र या लक्षणांपेक्षा पुष्कळ समृद्ध आहे. महाभारतातील दुर्योधन मांड्या मोडून पडलेला असताना कृष्णाला त्याच्या पक्षाने केलेल्या अधर्मांची यादी ऐकवितो आणि त्याच्यावर आकाशातून पुष्पवृष्टी होते. ज्यांनी त्याला जिंकले त्यांच्या माना खाली जातात. पण तोच दुर्योधन अश्वत्थाम्याला सेनापतिपदाचा अभिषेक करवितो आणि झोपलेल्या वीरांच्या कत्तलीची बातमी ऐकून समाधानाने प्राण सोडतो. भासाच्या नावावर असलेल्या ‘ऊरुभंग’ या एकांकी नाटकात हा शेवट बदललेला आहे. येथे दुर्योधन संतापलेल्या बलरामाला आवरतो. लहानगा दुर्जय मांडीवर बसू पाहतो, तेव्हा ती जागा आता बसण्याजोगी राहिलेली नाही, हे त्याला सांगावे लागते. पांडवांची सेवा कर, असा उपदेश तो मुलाला करतो आणि अश्वत्थाम्याला सूडापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न करतो. त्याचा मृत्यू रंगभूमीवरच घडतो, जो शास्त्राने निषिद्ध मानला आहे. त. गणपतिशास्त्री यांनी १९१२ पासून त्रिवेंद्रम येथे ही नाटके प्रसिद्ध केल्यानंतर, संस्कृतातील एकमेव शोकात्मिका असे ‘ऊरुभंगा’चे वर्णन होऊ लागले, दुर्योधनाला शेवटी स्वर्गाचे दर्शन घडत असल्यामुळे ते सर्वांना मान्य नाही. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे द्रौपदीच्या तोंडचे म्हणून लोकप्रसिद्ध असलेले वचन पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत नाही. दुर्योधनाच्या वैराला एक समजण्याजोगे कारण मिळावे, ही लोकमानसाची गरजच अशा प्रक्षेपातून दिसते.

रावणाच्या बाबतीत ही गरज जैन कवींनी फार पूर्वी भागविली. विमलसूरीच्या ‘पउमचरिय’ या प्राकृत काव्यातील रावण धार्मिक व पराक्रमी आहे. इच्छा नसलेल्या स्त्रीला स्पर्श न करण्याचे व्रत त्याने घेतलेले आहे. सीतेची निष्ठा पाहून त्याला पश्चात्ताप होतो. मात्र तिला लगेच परत केले, तर लोक भित्रा म्हणतील. तेव्हा युद्धात जिंकून मगच तिला सन्मानाने परत करावे, असे तो ठरवितो आणि त्यातच मारला जातो. मिल्टनचा सैतान ज्या लोकलाजेपाशी अडतो, त्याच जागी हा रावणही अडावा, हे साम्य लक्षणीय आहे; अर्थात येथे प्रभावाचा काही संबंध नाही. तो आहे तो मायकेल मधुसूदन दत्त यांच्या ‘मेघनादवध काव्या’त (१८६१). मिल्टनचे वाचन पचविलेल्या या बंगाली कवीने रावणाला पुत्रशोकाने खचलेला पिता म्हणून उभे केले आणि काव्याचा शेवट मेघनादाच्या अंत्यसंस्काराने केला.

मराठी रंगभूमीवर शेक्सपिअरची ही पात्रे रूपांतरांतून आली. देवलांच्या ‘झुंझारराव’ने (१८९०) ‘ऑथेल्लो’ची आणि शि. म. परांजपे यांच्या ‘मानाजीराव’ने ‘मॅक्‌बेथ’ची ओळख करून दिली, वि. वा. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ (१९५४) हेही ‘मॅक्‌बेथ’वरच आधारलेले आहे. स्वतंत्र नाटकांत राम गणेश गडकरी यांचे ‘पुण्यप्रभाव’मधील वृंदावन आणि ‘भावबंधन’मधील घनःश्याम हे खलनायक लोकप्रिय झाले. घनःश्यामाच्या कारस्थानांच्या मुळाशी लतिकेने केलेला अपमान आहे. बळवंत संगीत मंडळीच्या प्रयोगांत चिंतामणराव कोल्हटकरांनी ही भूमिका गाजविली. नाटकाची रचना सुखान्त असल्यामुळे घनःश्यामाचा सल शोकापर्यंत पोहोचत नाही, हे खरे. पण गडकऱ्यांच्या भाषेने या पात्राला जी धार दिली, ती नाटकातील सज्जनांना लाभली नाही.

कर्णावरील मराठी वाङ्‌मय विपुल आहे : शिरवाडकरांचे ‘कौंतेय’ हे नाटक, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) व रणजित देसाईंची ‘राधेय’ (१९७३) या कादंबऱ्या त्यांत प्रमुख होत. कर्णाला खलनायक म्हणणे कोणालाही जड जाईल. तथापि सभापर्वात द्रौपदीची वस्त्रे काढून घेण्याची सूचना त्याचीच आहे, आणि उद्योगपर्वात कृष्णाशी बोलताना, दुर्योधनाला खूष करण्यासाठी पांडवांना आपण कठोर शब्द बोललो, याचा त्याला पश्चात्ताप होतो. आधुनिक कथनांचा कल त्याच्यावरील अन्याय ठळक करून या प्रसंगाचा भार हलका करण्याकडे आहे. मूळ ग्रंथ दोन्ही गोष्टी सांगतो आणि त्यामुळेच तेथील कर्ण अधिक दुःखद वाटतो.

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने (१९७२) हा प्रश्न व्यक्तीकडून व्यवस्थेकडे वळविला. इतिहासातील घाशीराम हा पेशवाईत पुण्याचा कोतवाल होता. १७९१ मध्ये त्याने कोंडून ठेवलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेल्यानंतर त्याला लोकांच्या हवाली करण्यात आले आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. या विषयावर मोरोबा कान्होबा यांचे गद्य पुस्तक १८६३ मध्येच निघाले होते. तेंडुलकरांनी आपले नाटक ऐतिहासिक नव्हे, असे बजावले. त्यांचा घाशीराम कनोजहून पोटासाठी पुण्यात येतो, चोरीचा खोटा आळ व मार खातो आणि या शहराचा सूड घेण्याची प्रतिज्ञा करतो. त्यासाठी तो स्वतःची मुलगी गौरी नाना फडणवीसाच्या हाती देऊन कोतवाली मिळवितो. येथे त्याचे परतीचे दार बंद होते, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने लावलेले असते. मुलगी मेल्यावर तो नानाला जाब विचारायला जातो, दबतो आणि त्यानंतर त्याचा जुलूम बेफाम होतो. दगडांचा वर्षाव होत असताना तो स्वतःच्या शिक्षेला संमती देतो. आपल्या मुलीला आपणच मारले, हे त्याला कळलेले असते. ज्याने त्याला वापरले तो नाना मात्र सुखरूप राहतो आणि उत्सवाचा हुकूम सोडतो. नाचणाऱ्या, गाणाऱ्या माणसांचा जो पडदा रंगमंचावर प्रारंभापासून उभा असतो, त्यातूनच दगड मारणारा जमाव तयार होतो. प्रेक्षागृहातील माणसेही त्या पडद्याची पुढची रांग ठरतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चित्रपट व लोकप्रिय कादंबरी यांनी खलनायकाला पूर्वचरित्र देण्याची पद्धत सार्वत्रिक केली. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील (१९७७ पासून) डार्थ व्हेडरचे मुखवट्यामागचे आयुष्य पुढील चित्रपटांनी उलगडले. परीकथांतील चेटकिणींच्या बाजूने लिहिलेल्या कादंबऱ्या निघाल्या, त्यांत ग्रेगरी मॅग्वायरची ‘विकेड’ (१९९५) गाजली. यांतील पुष्कळ पात्रांच्या दुष्टाव्याचा हिशेब बालपणातील एखाद्या आघाताशी इतका चोख जुळविलेला असतो, की त्यांना निवड करण्याची जागाच राहत नाही. होलिन्शेडच्या बखरीतील मॅक्‌बेथलाही स्वतःची बाजू होती. शेक्सपिअरच्या मॅक्‌बेथजवळ ती नाही, पण खुनाच्या आदल्या घटकेला तो एकटा उभा राहून विचार करतो, आणि पुढे काही न करता परत फिरणे त्या घटकेला त्याला शक्य असते.